तावदानी दारांचे रंगकाम : पद्धत, क्रम आणि पथ्ये

पर्जन्यकाळ सरला आणि ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की आपल्या वाड्यांवाड्यांतून रंगाच्या डब्यांचा वास येऊ लागतो. नाताळापूर्वी घर उजळावे ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. भिंतींचे काम रंगारी दोन-चार दिवसांत उरकतो. साध्या फळ्यांचे दारही एका सकाळी होते. परंतु ओटी आणि माजघर यांच्यामध्ये उभे असलेले, दहा-पंधरा लहान लहान काचांचे ते जुने सागवानी दार आले की रंगारी कपाळाला आठ्या घालतो आणि घरमालकही विचारात पडतो. "हे काढून टाका, ॲल्युमिनियमचे बसवा" असा सल्ला देणारेही याच वेळी भेटतात.

असे दार आपल्या अनेक जुन्या घरांत, शाळांच्या सभागृहांत व धर्मगुरू निवासांत आजही आहे. त्याचे लाकूड बहुधा आज सहजी न मिळणाऱ्या प्रतीचे असते. अशी दारे लाकूड निकामी झाल्यामुळे जातात त्याहून अधिक वेळा ती चुकीच्या रंगकामामुळे जातात, असे आमचे निरीक्षण आहे. म्हणून या विषयाची शक्य तितकी संपूर्ण माहिती एकत्र द्यावी, असे आम्ही योजिले आहे.

लहान काचा कशासाठी?

आज आपल्याला दाराएवढी अखंड काच दुकानात मिळते. पूर्वी ती मिळत नसे. कारागीर वितळलेल्या काचेचा फुगा फुगवीत. तो फुगा गरगर फिरवून त्याची तबकडी करीत, किंवा लांबट नळकांडे करून ते उभे चिरून सपाट करीत. दोन्ही रीतींत मिळणारा तुकडा मर्यादित मापाचाच असे. मोठी काच ओतून घासून तयार करता येई. परंतु ती फार महाग पडे. इंग्लंडमध्ये तर १८४५ सालापर्यंत काचेवर वजनाप्रमाणे अबकारी कर होता. साहजिकच लाकडाच्या बारीक पट्ट्यांची जाळी करून तिच्यात लहान काचा बसविणे हाच परवडणारा मार्ग ठरला. वितळलेल्या कथिलावर काच तरंगत पसरविण्याची रीत इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ साली जाहीर केली. त्यानंतर मोठी, सपाट व स्वस्त काच जगभर झाली. तोपर्यंत लहान तावदानांचे दार ही सोय न राहता आवड बनलेली होती. युरोपीय धर्तीच्या इमारतींबरोबर ती आपल्याकडेही आली आणि रुजली.

आपल्या दाराच्या काचेतून पाहताना बाहेरचे झाड किंचित लाटांसारखे हलताना दिसत असेल, तर ती काच जुन्या रीतीची असण्याचा संभव आहे. ती फुटल्यास तशीच पुन्हा मिळणे कठीण. रंगकामात तिला जपणे हे त्यामुळे पहिले पथ्य होय.

दाराची रचना

कडेची दोन उभी लाकडे, वरचे व खालचे आडवे लाकूड (काही दारांत मध्येही एक), आणि त्यांच्यामध्ये आडव्या-उभ्या बारीक पट्ट्यांची जाळी, अशी या दाराची घडण असते. पट्टीला एका बाजूने खाच पाडलेली असते. त्या खाचेत काच टेकवितात, बारीक बिनडोक्याच्या खिळ्यांनी ती धरून ठेवतात आणि वरून लुकणाची तिरपी कड भरतात. रंगारी याच लुकणाला पुट्टी म्हणतात. जवसाचे तेल आणि खडूची भुकटी एकत्र मळून ते करतात. काही दारांत लुकणाऐवजी लाकडाच्याच बारीक पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या असतात.

येथे थोडा हिशेब करू. एका झडपेत तीन ओळींत पाच-पाच, म्हणजे पंधरा काचा आहेत असे समजा. प्रत्येक काचेला चार कडा. म्हणजे एका बाजूने साठ आणि दोन्ही बाजूंनी एकशेवीस. दोन झडपांच्या दाराला दोनशेचाळीस. प्रत्येक हातामागे रंगाऱ्याला इतक्या वेळा कुंचला काचेच्या कडेने न चुकता ओढावा लागतो. रंगारी कपाळाला आठ्या का घालतो, ते यावरून लक्षात यावे.

रंगाचे खरे काम

रंग शोभेसाठी असतो, हे अर्धेच खरे. भिंतीच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. तावदानी दाराच्या बाबतीत मात्र रंगाचे मुख्य काम पाणी अडविणे हे आहे.

काच पाणी शोषीत नाही. तिच्यावर पडलेला सगळा पाऊस ओघळून तिच्या खालच्या कडेशी येतो. तेथे काच आणि लुकण यांच्यामध्ये केसाएवढी जरी फट असली, तरी पाणी तिच्यात ओढले जाते आणि पट्टीच्या खाचेत मुरते. पट्ट्या एकमेकींत जेथे गुंततात तेथे लाकडाचे तोंड उघडे असते, आणि लाकूड आपल्या तोंडाकडून सर्वाधिक पाणी पिते. अशा रीतीने दार आतून कुजते, आणि वरचा रंग मात्र काही काळ तसाच चकचकीत दिसत राहतो.

या फटीवर एकच साधा उपाय आहे. रंगाचा थर लुकणावर थांबू न देता काचेवर एक ते दोन मिलिमीटर पुढे न्यावा. ही बारीक रेघ म्हणजे दाराची पागोळी होय. लांबून ती दिसतही नाही. परंतु काच आणि लुकण यांचा सांधा तीच बंद करते. या लेखातील एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल, तर ते हे.

आमच्या हातून झालेली चूक

हे आम्हांला पुस्तकातून उमगलेले नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही एका धर्मग्रामात सेवेस असताना सभागृहाची चार तावदानी दारे नाताळापूर्वी रंगविण्याचे ठरले. दिवस थोडे उरले होते. रंगाऱ्याने आठ दिवस मागितले; आम्ही त्याला तीन दिले. काम झाल्यावर काचांच्या कडेला रंगाची बारीक रेघ दिसली, तेव्हा ती आम्हांला निष्काळजीपणाची खूण वाटली. "काच अगदी लाकडापर्यंत स्वच्छ कर" असे आम्ही त्यास बजावले. तो काही बोलू पाहत होता. आम्ही ऐकून घेतले नाही. त्याने पात्याने सगळ्या कडा लाकडापर्यंत खरवडल्या. दारे दिसण्यात सुरेख झाली. त्याच संध्याकाळी आम्ही ती बंद करून कुलूप लावले.

नाताळच्या सकाळी त्यांपैकी एक दार उघडेना. ओला रंग चौकटीला चिकटून बसला होता. तरुणांनी खांदा लावून ते ढकलले, तेव्हा दोन काचा तडकल्या. हे नुकसान किरकोळच होते. खरे नुकसान पुढच्या दोन पावसाळ्यांत झाले. खरवडलेल्या कडांतून पाणी आत गेले, लुकण सुटले आणि पश्चिमेकडील दाराच्या खालच्या दोन पट्ट्या बोटाने कुरतडता येतील इतक्या मऊ झाल्या. सुताराने नव्या पट्ट्या बसविल्या, तेव्हा तो रंगारीही मदतीस आला होता. तो एवढेच म्हणाला, "फादर, ती रेघ मी मुद्दाम ठेवली होती." ज्याचे हात रोज ते काम करतात त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, हा धडा आम्ही त्या दाराशी उभे राहून शिकलो.

आधी हे पाहावे : जुना रंग आणि शिसे

जुने दार घासावयास घेण्यापूर्वी एका धोक्याची जाणीव असणे अत्यावश्यक आहे. जुन्या तैलरंगांत शिशाची संयुगे सर्रास वापरली जात. पांढऱ्या रंगात सफेता, अस्तरात शेंदूर. दोन्ही शिशापासून बनतात. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाविषयीचे नियम २०१६ साली प्रसिद्ध झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. त्यांनुसार अशा रंगात दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसे असता कामा नये. त्यापूर्वीच्या रंगांविषयी अशी खात्री देता येत नाही. आपले दार पन्नास-साठ वर्षांचे असेल, तर त्याच्या खालच्या थरांत शिसे आहे असे धरूनच चालावे.

शिशाची धूळ श्वासावाटे आणि हातातोंडावाटे शरीरात जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ती अपाय करते, आणि तो अपाय नंतर भरून निघत नाही. शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक, असे ज्ञात नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. म्हणून पुढील पथ्ये कटाक्षाने पाळावीत :

- जुना रंग कोरडा घासू नये. पाण्याचा पॉलिश पेपर वापरून ओला घासावा, म्हणजे धूळ उडत नाही.
- बत्तीने किंवा ज्वाळेने रंग जाळू नये. शिशाची वाफ धुळीहूनही घातक असते. शिवाय उष्णतेने काचा तडकतात.
- खाली प्लास्टिकचा कागद अंथरावा. निघालेला खरवड त्यातच गुंडाळून बंद पिशवीत टाकावा. अंगणात, विहिरीजवळ वा भाजीच्या वाफ्यात तो झाडू नये.
- लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना काम पूर्ण होऊन जमीन ओल्या फडक्याने पुसली जाईपर्यंत त्या खोलीपासून दूर ठेवावे.
- रंगाऱ्याला तोंडावर बांधावयास नुसता रुमाल देऊ नये. धूळ अडविणारा चांगला मास्क द्यावा. जेवणापूर्वी हातपाय धुण्याची सोय करून द्यावी.

एक दिलासाही देणे अगत्याचे आहे. जुना रंग घट्ट चिकटलेला व अखंड असेल, तर तो मुळापासून काढण्याची गरज नसते. त्यावर हलका ओला पेपर मारून नवा रंग देणे हे अधिक सुरक्षित असते. सुटलेला भागच काढावा.

ऋतू आणि वेळ

आपल्या किनाऱ्यावर या कामाचा उत्तम काळ म्हणजे ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंतचा. पाऊस थांबताच कुंचला हाती घेऊ नये. चार महिने हवेतले पाणी पिऊन लाकूड फुगलेले असते. त्याला सुकण्यास तीन-चार आठवडे द्यावेत. ओल्या लाकडावर रंगाचे झाकण बसविले, तर आतली वाफ बाहेर पडताना त्या रंगाला फोड आणते.

दिवसातील वेळही पाहावी. समुद्राकाठी पहाटे दव पडते. तेव्हा साधारण दहाच्या सुमारास काम सुरू करावे आणि सूर्यास्तापूर्वी दोन-तीन तास थांबवावे, म्हणजे रात्रीचा दमटपणा येण्यापूर्वी रंग वरवर तरी सुकतो. भर उन्हातही रंगवू नये. तापलेल्या लाकडावर रंगाची साय लगेच धरते, खालचा भाग कच्चा राहतो आणि कुंचल्याच्या रेषा उमटतात. दाराचा जो भाग सावलीत असेल तो रंगवीत जावे.

पूर्वतयारी

निम्मे श्रम येथेच आहेत, आणि निम्मे यशही.

*धुणे.* खाऱ्या वाऱ्याने दारावर मिठाचा सूक्ष्म थर बसतो. स्वयंपाकघराजवळच्या दारावर तेलकटपणा असतो. सौम्य साबणाच्या पाण्याने दार पुसून मग गोड्या पाण्याने दोनदा पुसावे व पूर्ण सुकू द्यावे. मिठावर दिलेला रंग टिकत नाही.

*कडीकोयंडे.* मुठी, कड्या, खिट्ट्या काढून ठेवाव्यात. शक्य असल्यास झडप बिजागऱ्यांतून उतरवून दोन स्टुलांवर आडवी ठेवावी. आडव्या दारावर ओघळ येत नाहीत. शिवाय दाराची वरची व खालची कड रंगविता येते. उभ्या दारात या कडा नेहमी कोऱ्या राहतात, आणि खालच्या कोऱ्या कडेतूनच उंबरठ्याचे पाणी वर चढते.

*लुकण.* प्रत्येक काचेच्या कडेने नखाने टकटक करून पाहावे. लुकण घट्ट असेल तर त्यास हात लावू नये. तडे गेलेले, सुटलेले तेवढेच जपून काढावे. नवे भरण्यापूर्वी कोऱ्या खाचेला प्रायमरचा एक हात द्यावा. हा हात न दिल्यास कोरडे लाकूड लुकणातले तेल शोषून घेते आणि वर्षभरात लुकण पुन्हा तडकते. भरलेले लुकण एक-दोन आठवडे तसेच राहू द्यावे. त्याच्यावर साय धरल्याशिवाय रंग देऊ नये. घाईसाठी पारदर्शक सिलिकॉन भरण्याची पद्धत अलीकडे आढळते. साध्या सिलिकॉनवर रंग चिकटत नाही, हे ध्यानात असावे.

येथे आणखी एक सूचना. जवसाच्या तेलाने माखलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि अशा बोळ्यांना आपोआप आग लागू शकते. फडकी उघड्यावर पसरून वाळवावीत, किंवा पाण्यात भिजवून मग टाकावीत.

*घासणे आणि अस्तर.* पट्ट्यांच्या कोपऱ्यांत पॉलिश पेपरची घडी करून घासावे. काचेला पेपर लागू देऊ नये. त्याचे ओरखडे कायम राहतात. सागाच्या लाकडात मूळचेच तेल असते, म्हणून कोरे सागवान टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून मग प्रायमर द्यावा. हलक्या लाकडाच्या गाठींतून चीक येतो. त्या गाठींवर स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या चपड्याचा, म्हणजे लाखेचा, हात द्यावा. प्रायमर सुकल्यावर खड्डे व भेगा लांबीने भराव्यात, पुन्हा हलके घासावे आणि धूळ पुसून घ्यावी.

काच झाकावी की खरवडावी?

रंगाऱ्यांत याबाबत दोन पंथ आहेत.

पहिला पंथ *कागदी चिकटपट्टीचा*, म्हणजे मास्किंग टेपचा. काचेच्या कडेने टेप लावावी. मात्र ती लाकडाला अगदी भिडवू नये. एक-दीड मिलिमीटर काच मोकळी ठेवावी, म्हणजे आवश्यक ती रेघ आपोआप मिळते. टेपची कड बोटाने घट्ट दाबावी, नाहीतर रंग खाली शिरतो. शेवटचा हात दिल्यावर रंग ओलसर असतानाच टेप तिरपी ओढून काढावी. रंग सुकल्यावर काढली तर ती कडेचा रंगही सोबत आणते. अशा वेळी आधी पात्याने कड चिरून घ्यावी. टेप उन्हात दिवसेंदिवस ठेवू नये. तिचा डिंक काचेवर भाजून बसतो.

दुसरा पंथ *मुक्त हाताचा*. सराईत रंगारी टेपशिवाय रंगवितो आणि काचेवर आलेला जादा रंग सुकल्यावर धारदार पात्याने काढतो. दोनशेचाळीस कडांना टेप लावण्याचे श्रम वाचत असल्याने हा मार्ग बऱ्याचदा जलद ठरतो. येथे आमची चूक कोणी करू नये. लाकडापासून दीड मिलिमीटर अंतरावर आधी पात्याच्या टोकाने रेघ चिरावी, आणि तिच्या पलीकडचाच रंग खरवडावा. रेघेच्या अलीकडचा रंग तसाच राहू द्यावा.

ओल्या वर्तमानपत्राच्या सरळ कडेच्या पट्ट्या काचेवर चिकटविणे ही जुनी युक्ती एखाद-दुसऱ्या काचेसाठी चालते. कागद सुकण्यापूर्वी काम उरकावे लागते. काचेवर व्हॅसलीन फासण्याचा उपाय मात्र आम्ही सुचविणार नाही. त्याचे बोट चुकून लाकडाला लागले, तर तेथे रंग धरत नाही.

रंगविण्याचा क्रम

आतून बाहेर, आणि लहानाकडून मोठ्याकडे, असा नियम आहे.

१. प्रथम काचेलगतच्या तिरप्या कडा. वरच्या ओळीपासून आरंभ करावा. अर्धा ते एक इंचाचा कुंचला घ्यावा व त्याचे केस फक्त एक-तृतीयांश रंगात बुडवावेत. कोपऱ्यापासून किंचित अलीकडे कुंचला टेकवून रंग कोपऱ्याकडे न्यावा. कोपऱ्यातच टेकविल्यास तेथे रंग साचतो.

२. मग पट्ट्यांचे दर्शनी भाग. आधी आडव्या पट्ट्या, नंतर उभ्या.

३. मग दाराची आडवी लाकडे : वरचे, मधले, खालचे. येथे दोन इंची कुंचला चालेल.

४. मग कडेची दोन्ही उभी लाकडे, वरपासून खालपर्यंत. जेथे आडवे लाकूड उभ्याला मिळते, तेथे शेवटचा हात उभाच असावा, म्हणजे सांध्याची रेषा स्वच्छ दिसते.

५. मग दाराच्या कडा. आतला व बाहेरचा रंग वेगळा असल्यास, दार ज्या खोलीत उघडते तिचा रंग कुलपाच्या कडेला द्यावा आणि पलीकडच्या बाजूचा बिजागरीच्या कडेला. दार उघडे असताना कोणत्याही बाजूने एकच रंग दिसतो.

६. सर्वांत शेवटी चौकट.

पाच-सहा काचा झाल्या की मागे वळून ओघळ पाहावेत. दहा मिनिटांच्या आत ओघळ कुंचल्याने उचलता येतो. त्यानंतर हात लावल्यास खरडा उमटतो. मग तो पूर्ण सुकू देऊन पेपरने घासणेच बरे.

प्रायमरनंतर दोन पातळ हात द्यावेत. एक जाड हात कधीही देऊ नये. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला अवधी पाळावा आणि बारीक पेपर फिरवून धूळ पुसावी. जाड थरांनी पट्ट्यांची नाजूक कोर बुजते, आणि झडप व चौकट यांतील दोन-तीन मिलिमीटरची फटही भरून येते. रंगविण्यापूर्वीच दार घासत असेल, तर कडेला रंधा मारून घ्यावा. रंगानंतर ते अधिकच घासेल.

दार शेवटच्या हातानंतर किमान दोन-तीन दिवस पूर्ण बंद करू नये. रात्री सुरक्षिततेसाठी बंद करणे भागच असेल, तर चौकटीला पातळ प्लास्टिकची पट्टी लावावी. आमच्या सभागृहाचे दार याच एका गोष्टीअभावी चिकटले.

कोणता रंग, किती रंग?

तेलाधारित इनॅमल रंग टणक व चकचकीत असतो; परंतु त्याला सुकण्यास सहसा एक रात्र लागते, वास तीव्र असतो, आणि अंधाऱ्या जागी पांढरा रंग कालांतराने पिवळट होतो. पाण्याधारित इनॅमल काही तासांत सुकतो, पिवळा पडत नाही आणि कुंचला पाण्याने धुता येतो. जुन्या चकचकीत तैलरंगावर तो थेट देऊ नये. आधी पेपर मारून योग्य प्रायमर द्यावा, नाहीतर सालपटे निघतात. पश्चिमेच्या उन्हातील दाराला शक्यतो फिकट रंग निवडावा. गडद रंग ऊन शोषतो, लाकूड अधिक आकुंचन-प्रसरण पावते आणि लुकण लवकर सुटते.

दोन फूट रुंद व सात फूट उंच अशा दोन झडपांचे दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ छप्पन्न चौरस फूट होते. त्यातील साधारण निम्मा भाग काच असतो. चौकट धरूनही दोन हातांसाठी एक लिटर इनॅमल पुरेसा होतो. म्हणजे या कामात रंगाचा खर्च थोडा आणि श्रमाचा मोठा, हे उघड आहे.

मजुरीविषयी

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मोजमाप पद्धतीत पूर्ण काचेच्या दाराचे क्षेत्रफळ प्रत्येक बाजूस ०.८ ने गुणून धरतात, तर खणांच्या लाकडी दाराचे १.३ ने. एकाच मोठ्या काचेच्या दाराला हा हिशेब न्याय्य आहे. पंधरा काचांच्या झडपेला तो लावला, तर सर्वांत किचकट कामाला सर्वांत थोडे दाम मिळते. असे काम चौरस फुटाने न ठरविता रोजाने किंवा काचांच्या संख्येवर ठरवावे. कामाच्या घाईचे मूळ पुष्कळदा ठरविलेल्या दरातच असते.

शिंपल्यांची तावदाने

गोव्यात व कोकणात काही जुन्या वास्तूंच्या खिडक्या-दारांत काचेऐवजी शिंपल्यांचे चौकोनी, दुधाळ तुकडे बसविलेले आढळतात. हे तुकडे ठिसूळ असतात आणि त्यांना पात्याने खरवडणे मुळीच चालत नाही. रंग लागल्यास तो ओला असतानाच मऊ फडक्याने टिपावा. हा शिंपला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. म्हणून असलेले तुकडे जपणे हाच मार्ग उरतो. या कामासाठी जाणकार कारागीरच शोधावा.

वार्षिक देखभाल

- *मे अखेर :* पावसापूर्वी प्रत्येक काचेची खालची कड पाहावी. फट दिसल्यास तेवढ्याच जागी लुकण व रंग द्यावा.
- *पावसाळ्यात :* काचेच्या कडेला पाणी साचून राहते का, ते पाहून पुसावे. उंबरठ्याशी ओले पायपुसणे पडू देऊ नये.
- *ऑक्टोबर :* सांधे बोटाने दाबून पाहावेत. मऊ लागल्यास, किंवा वाळवीची माती दिसल्यास, रंगाऱ्याआधी सुताराला बोलवावे.
- *दर चार-पाच वर्षांनी :* पावसाच्या बाजूच्या दारांना एक नवा हात द्यावा. रंग पूर्ण उडेपर्यंत वाट पाहू नये.

नाताळासाठी दार रंगवायचे असेल, तर ऑक्टोबर अखेरीस लुकणाचे काम करावे, नोव्हेंबरच्या मध्यास प्रायमर द्यावा आणि महिनाअखेर रंग पूर्ण करावा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रंगाऱ्याला हाक मारून "दोन दिवसांत उरकून टाक" असे सांगू नये. तसे सांगावेसे वाटलेच, तर त्या वर्षी दार नुसते धुऊन, काचा पुसून ठेवावे. स्वच्छ पुसलेले जुने दार पाहुण्यांच्या स्वागताला पुरेसे असते. रंग पुढच्या महिन्यात सवडीने देता येतो.